उठवणारी खुर्ची

जगात खुर्च्या दोनच प्रकारच्या असतात. बसवणाऱ्या आणि उठवणाऱ्या. बाकी कापड, रंग, पाय गोल की चौकोनी, ही सगळी गिऱ्हाइकाला गुंगवायची बोलणी. सोफे विकण्यात माझी हयात गेली, तेव्हा यात मला कुणी शिकवू नये. बसवणारी खुर्ची म्हणजे बुटकी, मऊ, मागे जराशी कललेली. माणूस आत गेला की गेलाच. उठवणारी म्हणजे उंच, कडक आणि सपाट. बँकेत, कचेरीत, जिथे माणसाने फार वेळ रेंगाळू नये असं वाटतं, तिथे ती ठेवतात. आमच्या दुकानात तसली खुर्ची औषधालाही नव्हती. "बसून तर बघा, उठावंसंच वाटणार नाही," हे माझं ठरलेलं वाक्य.

एका रविवारी एक जोडपं आलं. दुकानातला सगळ्यात खोल सोफा दाखवताना मी नेहमीसारखा आधी स्वतः बसलो, वाक्य टाकलं आणि उठायला गेलो, तर उठताच येईना. दुखत नव्हतं, मुंग्या नव्हत्या, काही नाही. मांड्यांनी सरळ रजा टाकली होती. मी आपला हसत बसून राहिलो. ती बाई नवऱ्याला म्हणाली, "बघ, विकणाऱ्यालाच उठवत नाहीये," आणि तिथल्या तिथे सोफा घेतला. हमाल तो उचलायला आले तेव्हा त्यांना आधी मला उचलावं लागलं. मालकाने पाठ थोपटली. "काय नाटक केलंस, लेका!" म्हणाला. त्या सबंध वर्षात त्याने माझं केलेलं हे एकमेव कौतुक.

मग सल्ल्यांचा पाऊस. वजन कमी करा. वय झालं, चालायचंच. मन रमवा. एकाने टॉनिक दिलं, एकाने कमरेचा पट्टा. तोपर्यंत हात वर नेऊन केस विंचरता येईनासे झाले. जिना तर समोर दिसला तरी घाम फुटायचा. घास गिळताना घशात अडकायला लागला तेव्हा बायकोने सगळे सल्लागार झटकले आणि मला मोठ्या इस्पितळात आणून घातलं. तिथल्या विभागाचे प्रमुख, आम्ही त्यांना मोठे डॉक्टर म्हणायचो, त्यांनी माझं रक्त काढलं, दंडातला स्नायूचा तुकडा काढला आणि चार दिवसांनी लॉटरी लागल्यासारखं तोंड करून आले.

"पॉलिमायोसायटिस!" ते म्हणाले. "फार दुर्मिळ. नशीबवान आहात, वेळेवर सापडलं."

नशीबवान! बायकोने विचारलं, म्हणजे काय हो? तर शरीरात जंतूंशी लढायला एक फौज असते, ती माझ्या बाबतीत वाट चुकून माझ्याच मांड्याखांद्यांवर चालून गेलेली. का, ते कुणालाच माहीत नाही. अहो, माझं आणि माझ्या मांड्यांचं कधी वाकडं नव्हतं. मग फौजेला आवरायच्या गोळ्या सुरू झाल्या. त्या गोळ्यांनी झोप गेली, भूक चौपट झाली आणि चेहरा फुगून असा गुबगुबीत नि लालबुंद झाला, की दुकानातली मंडळी भेटायला आली ती म्हणाली, "वा! तब्येत काय सुधारलीय!" मला तेव्हा घोटभर पाणीही जपून प्यावं लागत होतं. गोळ्यांनी माणूस चिडचिडा होतो, असंही डॉक्टरांनी सांगितलं. बायको म्हणाली, "ती चिडचिड गोळ्यांच्या आधीपासून आहे, त्यासाठी काही वेगळं देता का?"

ही माझी बायको. आठ महिने मला तिने उठवलं. पलंगावरून, खुर्चीवरून, आणि जिथून दुसऱ्याने उठवलं की माणसाला मेल्याहून मेल्यासारखं होतं, तिथूनसुद्धा. तिची पद्धत ठरलेली. टॉवेल माझ्या कमरेमागून घ्यायचा, दोन्ही टोकं मुठीत धरायची, तिचा गुडघा माझ्या गुडघ्याला लावायचा आणि म्हणायचं, "एक, दोन, हं!" त्या 'हं'ला माझं सगळं धूड तिच्या अंगावर यायचं. दोन महिन्यांत तिच्या कमरेने जीव सोडला. माझ्या गळ्यात मारलेला तो पट्टा आता तिच्या कमरेला लागला. तेव्हापासून ती बसेनाशी झाली. बसलं की उठताना कळ येते, म्हणून बसायचंच नाही. वॉर्डात भिंतीला टेकून उभी. चहा उभ्याने, डबा उभ्याने. मी म्हणायचो, "अगं, टेक जरा." ती म्हणायची, "आधी तुम्ही उठा, मग मी बसते."

आणि एकदा म्हणाली, "ज्या दिवशी खुर्चीतून स्वतःहून उठाल ना, त्या दिवशी मला आधी दाखवायचं. डॉक्टरांना नंतर. मी उचललंय तुम्हाला, मला बघायचंय." मी शब्द दिला. शब्द द्यायला काय, तो द्यायला मांड्या लागत नाहीत.

स्नायूंची नासाडी दाखवणारा रक्तातला आकडा उतरला तशी मला व्यायामाच्या हॉलमध्ये नेऊ लागले. तिथली थेरपिस्ट म्हणजे चणीने एवढीशी, पण आवाज असा की वॉर्डात सगळे तिला हवालदार म्हणायचे. तोंडावरही म्हणायचे आणि ती ओ द्यायची. तिच्याकडे एक लाकडी स्टूल होतं आणि फळ्यांचा ढीग. स्टुलावर फळ्या रचून ती मला त्यावर बसवायची, हात छातीशी बांधायला लावायची आणि म्हणायची, "उठा." उंचावरून उठणं सोपं. मी उठलो की काही दिवसांनी एक फळी काढायची. म्हणजे मी जरा कुठे खूश होतोय, तोच बूड बोटभर खाली. सगळ्या फळ्या संपल्या की उरेल ते साध्या खुर्चीच्या उंचीचं स्टूल. मोठ्या डॉक्टरांनी ठरवून टाकलं होतं, ज्या दिवशी साध्या खुर्चीतून हात न टेकता उठाल, त्या दिवसापासून गोळ्या उतरवू आणि तुम्हाला घरी सोडू.

"आणि नाही उठलो तर?"

"तर गोळ्याही राहतील आणि तुम्हीही," ते म्हणाले. माणूस तसा विनोदी होता.

शेवटच्या फळीवर आलो आणि परीक्षा आडवी आली. माझी नव्हे, शिकाऊ डॉक्टरांची. प्रत्येकाला एकेक रोगी देतात. त्याला तपासायचं, रोग ओळखायचा आणि मग बाहेरून आलेल्या परीक्षकासमोर सगळं सिद्ध करून दाखवायचं. माझ्यासारखा दुर्मिळ माल म्हणजे शोकेसमध्ये मांडायची वस्तू. मोठे डॉक्टर हॉलच्या दारात येऊन हवालदारला म्हणाले, "परीक्षा होईपर्यंत यांना फार ताणू नका. लक्षणं जरा ठळक राहू देत."

"सर," ती म्हणाली, "मी पेशंट बरे करते. नमुना टिकवायचा असेल तर बरणीत घाला."

मोठे डॉक्टर हसले आणि गेले. ती माझ्याकडे वळली. "बघत काय बसलात? उठा!" त्या दिवशी तिने मला एरवीपेक्षा जास्त पिदडलं. जाताना म्हणाली, "उद्या परीक्षेसाठी माझा हॉल घेतलाय. परवा शेवटची फळी काढू. परवा तुम्ही उठता की नाही ते बघतेच."

परीक्षेच्या सकाळी माझ्या वाट्याला एक मुलगी आली. डोळ्यांखाली काळं, आणि हात असे गार की मनगट धरलं तर मीच दचकलो. "काका, घाबरू नका हं," म्हणाली. घाबरलेलं माणूस हेच म्हणतं. गिऱ्हाईकसुद्धा दुकानात शिरताना "फक्त बघायला आलोय" म्हणतं, तेव्हाच ओळखावं. ही तिची शेवटची संधी होती, एकदा नापास झालेली. हे तिने मला दहा मिनिटांत सांगून टाकलं, जणू रोग तिला आणि तपासणारा मी.

हात तपासले, मान तपासली, डोळे, घसा, त्वचा. सगळं नीट, पण फार वेळ घेऊन. पायांपाशी पोचते तोच बाहेर घंटा झाली. ती पांढरीफटक पडली. "काका, खुर्चीतून उठता येतं का हो?"

"हात टेकल्याशिवाय? नाव काढू नका."

तिने लिहून घेतलं. मी खोटं बोललो नव्हतो. त्या घटकेला ते सोळा आणे खरं होतं.

परीक्षक म्हणजे किडकिडीत गृहस्थ, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, आवाज गोड. गोड आवाजाचं गिऱ्हाईक सगळ्यात जास्त भाव पाडतं. मुलगी बोलत होती आणि बरं बोलत होती. "खांद्याचे आणि मांड्यांचे स्नायू दुबळे आहेत, सर. रुग्णाला आधाराशिवाय खुर्चीतून उठता येत नाही."

"तुम्ही स्वतः उठवून पाहिलंत?"

तिने हातातला कागद उलटा केला. "हो, सर."

"मग आम्हालाही दाखवा."

झाली का पंचाईत! कचेरीतून खुर्ची आणली. मला धरून तीत बसवलं, आणि बसताक्षणी माझ्या बुडाने ओळखली. उंच, कडक, सपाट. उठवणारी खुर्ची! आजवर हवालदारच्या फळ्यांवर जे झगडलो, त्याला ही खुर्ची म्हणजे पायघडी होती.

"हात छातीशी. उठा," परीक्षक म्हणाले.

मी टाचा मागे घेतल्या, पुढे वाकलो. आणि मांड्यांनी ऐकलं. काय सांगू! आठ महिन्यांची रुसलेली माणसं अचानक दारात यावीत, तसं झालं. बूड खुर्चीवरून सुटलं. एखादा कागद सरकेल एवढंच, पण सुटलं. आता फक्त उभं राहायचं बाकी होतं. आनंदाने ओरडावंसं वाटलं.

तेवढ्यात समोर त्या मुलीचा चेहरा दिसला. तिलाही कळलं होतं. माझं बूड सुटताना तिचा जीव खाली चालला होता. मी उठलो असतो तर ती खोटी पडली असती, आणि खोटी ती पडली असती ती माझ्या शब्दावर विसंबून. मी उभ्या आयुष्यात गिऱ्हाइकासमोर माल उघडा पाडला नाही. आमचा एक सोफा पलंग होता, कधी उघडायचा कधी नाही. त्याच्यासाठीसुद्धा मी गाणं म्हणत वेळ काढलाय.

पण उगाच मोठेपणा घेत नाही. मुलीची दया, हे निम्मंच कारण. उरलेलं निम्मं हे, की खऱ्या खुर्चीतून पहिल्यांदा उठणार ते या नाकावरच्या चष्म्यासमोर? आणि माझी बायको बाहेर कुठेतरी भिंतीला टेकून उभी? मला राग आला. स्वच्छ राग आला.

मी परत बसलो. "आई गं!" म्हणालो. मग हात मांड्यांवर टेकले, एकेक करून वर सरकवले, स्वतःच्याच अंगावर चढत चढत, कण्हत, थांबत, कसाबसा उभा राहिलो. गेल्या आठ महिन्यांचा अनुभव होता, पाठांतर लागलं नाही.

"वा!" परीक्षकांनी चष्मा काढला. "हे असं बघायला मिळत नाही हल्ली. बाकीच्यांनाही बोलवा."

घ्या. नाटक चांगलं वठलं की पुन्हा करायला लावतात. शिकाऊ डॉक्टरांचे घोळके आले, एक गेला की दुसरा. प्रत्येकासमोर मी बसायचो, "आई गं" म्हणायचो आणि स्वतःवर चढायचो. दुपारपर्यंत मांड्या लटलट कापायला लागल्या, आणि 'आई गं' मनापासून निघायला लागलं.

जेवणाच्या सुट्टीत मला पलंगाशेजारच्या खुर्चीत आणून बसवलं होतं, तिथे ती मुलगी चोरट्यासारखी आली. "काका, तुमचे उपकार..."

"उपकार राहू दे," मी म्हटलं. "पुढच्या वेळी रोग्याला स्वतः उठवून बघ, बाई. गिऱ्हाईक सांगतं त्यावर माप घ्यायचं नसतं."

तिने माझ्या पायांवरची चादर विनाकारण नीट केली आणि गेली.

त्यानंतर मोठे डॉक्टर आले. जाम खूश. "तुम्ही विभागाची लाज राखलीत! मात्र अजून हात टेकावे लागतायत, ते आम्ही सगळ्यांनी पाहिलं. तेव्हा गोळ्या आहेत तेवढ्याच ठेवू. महिन्याने बघू घरी जायचं."

"सर, मी उठू शकतो."

"हो हो," ते म्हणाले.

"खरंच. सकाळी उठत होतो. मुद्दाम नाही उठलो."

त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती मी ओळखतो. हप्ता चुकवणारं गिऱ्हाईक सबबी सांगतं तेव्हा आमचा मालक तसा बघतो. "असं वाटतं हो बऱ्याच जणांना. आशा असणं चांगलंच."

"अहो, वाटतं काय? हे बघा!" मी ताडकन, म्हणजे माझ्या मनात ताडकन, उठायला गेलो. मांड्या नुसत्या थरथरल्या. सकाळभर त्यांना नाचवलं होतं, त्यांनी आता दुकान बंद केलं होतं. बूड तसूभर हललं नाही. मोठ्या डॉक्टरांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "मन खट्टू करून घेऊ नका," म्हणाले आणि पुढच्या पलंगाकडे गेले.

मला रडू आलं. लाजायचं काय त्यात? नाटक असं वठवलं की खरं सांगायला तोंड उरलं नाही. महिनाभर आणखी गोळ्या, आणि महिनाभर आणखी तो टॉवेल, तिच्या कमरेवर. हिला काय सांगू? तुझ्यासाठी राखून ठेवलं आणि राखता राखता सांडलं? तसाच त्या खुर्चीत मान टाकून झोपलो.

जाग आली तेव्हा संध्याकाळ झाली होती आणि ती समोर उभी होती. पट्टा आवळलेला, टॉवेल खांद्यावर.

"झाली परीक्षा?"

"झाली. पास झालो."

"म्हणजे?"

"मला उठता येत नाही, हे सिद्ध झालं."

ती यावर हसली नाही. "चला, तोंड धुऊन घ्या," म्हणाली आणि टॉवेल माझ्या कमरेमागून घेतला. गुडघ्याला गुडघा लावला. पायांत अंतर घेतलं, ओठ आवळले. उचलायच्या आधी ती एक क्षण डोळे मिटून घेते, हे मला आठ महिन्यांत कधी दिसलं नव्हतं. कसं दिसणार, तेव्हा मी माझ्याच मांड्यांकडे बघत असायचो.

"एक, दोन, हं!"

तिने रोजच्यासारखा सगळा जीव एकवटून ओढलं, आणि ओढायला वजनच नव्हतं. रिकामी बादली भरलेली समजून उचलावी तसं झालं. टॉवेल तिच्या हातात सुटून आला, ती दोन पावलं मागे गेली आणि धप्पकन माझ्या पलंगावर बसली. आणि मी उभा. हात कुठेही टेकलेले नाहीत. ते कुठे ठेवायचे हेही मला सुचत नव्हतं.

"अगं, लागलं का?"

ती माझ्याकडे बघतच राहिली. वरपासून खालपर्यंत, मग मांड्यांकडे, मग पुन्हा वर. "कधीपासून?"

"सकाळपासून."

"आणि डॉक्टरांना नाही सांगितलंत?"

"सांगितलं. ते म्हणाले, तपासलंय, नाही उठता येत."

मग मात्र ती हसायला लागली. हसता हसता डोळे टॉवेलला पुसायला लागली, आणि मग नुसतेच पुसत राहिली. माझेही वाहत होते, पण टॉवेल एकच होता. मी दोन्ही हात पुढे केले. माझे हात ते, काय जोर असणार त्यांत, पण केले. "चल, ऊठ. बसून कळ येईल. एक, दोन..."

तिने मान हलवली. माझे हात हळूच बाजूला सारले.

"राहू द्या. जरा बसू द्या मला."

ती मागे सरकली, पाय पलंगावर घेतले आणि उशीला टेकली. मी तिच्या शेजारी उभा राहिलो, गिऱ्हाईक सोफ्यावर बसलं की राहतो तसा, थोडा बाजूला. माझं ते ठरलेलं वाक्य ओठांवर आलं होतं, पण मी गप्प बसलो. म्हणजे, उभाच होतो.